डोंगराचा चढता सूर

बाटली गळ्यापर्यंत भरली आणि आईनं नळ बंद केला. एवढंच झालं. पण दाराशी बूट चढवणारी तिची मुलगी तशीच एका पायावर थांबली. आईच्या डाव्या डोळ्यावर कालच्या ऑपरेशनची पट्टी होती, उजव्यात मोतीबिंदू. स्वयंपाकघरातली भांडी तिला नुसती उजेडाच्या डागांसारखी दिसत होती. शिवाय आई मान वळवून बोलत होती. दुपारचं औषध डोळ्यात कोण घालणार, शेजारीण विसरली तर काय, असं काहीतरी. नळाकडे तिचं लक्षच नव्हतं. तरी पाणी सांडलं नव्हतं.

"आई, बाटली भरली हे कसं कळलं तुला?"

"कसं म्हणजे? आवाज चढतो ना गं. भरत आली की पाणी बारीक आवाजात बोलायला लागतं." आईनं चाचपडत झाकण शोधलं, घट्ट लावलं. "तू आवाजांच्या कचेरीत नोकरी करतेस आणि मला विचारतेस?"

ती हसली. हसता हसता तिच्या बिनबुटाच्या पायाला फरशीचा गारवा झोंबला आणि तो पोटरीतून वर सरकत गेला. "येते गं," असं म्हणून ती जिना उतरली तेव्हा एका बुटाची नाडी सुटलेलीच होती.

कचेरी चालत वीस मिनिटांवर. रोजचाच रस्ता: औषधांचं दुकान, शाळेचं कुंपण, चाव्या बनवणाऱ्याची टपरी. आज त्यातलं काहीच तिला दिसलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे होता तो शहरापासून एकशेदहा किलोमीटरवरचा डोंगर, गेले सहा दिवस ढगात बुडालेला. त्याच्या माथ्यावर खोल विहिरीसारखं विवर, आणि विहिरीच्या तळाशी लाव्हा, आत-बाहेर श्वास घेतल्यासारखा हलणारा. त्या हलण्यानं विवरातली हवा घुमते. घुमते म्हणजे फार सावकाश. सेकंदाला एक हेलकावाही धड पुरा होत नाही. माणसाच्या कानाला तो आवाज नाहीच. माथ्याखाली पुरलेले चार मायक्रोफोन तो ऐकतात आणि तिच्या पडद्यावर एक लाटांची रेघ उमटवतात. या न ऐकू येणाऱ्या आवाजाला इन्फ्रासाउंड म्हणतात, हे तिनं नातेवाइकांना बऱ्याच वेळा समजावलं होतं. नातेवाईक मान डोलावत आणि विचारत, मग पगार कशाचा मिळतो?

आठ दिवस त्या आवाजाचा सूर चढत होता. थोडा थोडा, रोज केसभर. ते तिला दिसलं नव्हतं असं नाही. तिनं रोजच्या नोंदवहीत लिहिलंही होतं: 'सूर किंचित वर. बहुधा वारा.' दुसऱ्या दिवशी, 'बहुधा तापमानातला फरक.' परवा, 'बहुधा एका मायक्रोफोनचा दोष.' बहुधा हा तिचा गेल्या तीन वर्षांतला शब्द होता. तो तोंडात ठेवला की कुणी अंगावर येत नसे. वाक्याच्या सुरुवातीला तो उशीसारखा मांडायचा आणि त्यावर डोकं टेकून बाकीचं बोलायचं. आता रस्त्यानं चालताना त्या एकेका 'बहुधा'चा तिला राग येत होता. विहीर भरत आली की आतल्या मोकळ्या हवेची उंची कमी होते, उंची कमी झाली की सूर चढतो. हे ती विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून शिकवत होती. आणि आंधळ्यासारखी चाचपडणारी आई ते न बघता करत होती.

आणि मामा वर गेले होते. मामा म्हणजे कचेरीतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. त्यांना भाचे किती आहेत कुणाला ठाऊक नाही, पण संचालकांपासून सफाईवालीपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. माथ्यावरच्या मायक्रोफोनच्या बॅटऱ्या दोन दिवसांत संपणार होत्या. त्या बदलायला ते आणि गाडीचा चालक काल डोंगराच्या पायथ्याशी मुक्कामाला गेले होते आणि आज पहाटे चढायला लागले असणार. त्यांना पाठवा म्हणून चिठ्ठी तिनंच लिहिली होती. चिठ्ठीच्या शेवटी लिहिलं होतं: 'सध्या धोका बहुधा नाही.'

शाळेच्या कुंपणापाशी तिनं वाकून नाडी बांधली. गाठ घाई न करता, नीट मारली. तीन वर्षांपूर्वी तिनं घाई केली होती. तेव्हा तिच्या पडद्यावर एकामागून एक टोकदार धक्के आले होते, बारा मिनिटांत नऊ. ती ओरडतच संचालकांच्या खोलीत शिरली होती, वायरलेसवरून ओरडली होती: पळा, आहे ते सोडून पळा. वर दोघं होते. दोघं पळाले. एकाचा पाय दगडांत अडकला आणि गुडघा कायमचा गेला. डोंगर मात्र शांत होता. धक्के पलीकडच्या खाणीतल्या सुरुंगांचे होते; खाणवाल्यांनी वेळापत्रक पाठवलं होतं आणि ते तिच्याच टेबलावर, तिच्याच कपाखाली होतं. पुढे महिनाभर कचेरीत तिचं नाव 'सुरुंगबाई' पडलं. नंतर ते नाव गेलं, गुडघा तेवढा राहिला. ज्याचा गुडघा गेला तो आता तळमजल्यावर भांडार सांभाळतो. रोज सकाळी ती त्याच्या खिडकीवरून जाते आणि तो रोज म्हणतो, "काय ताई, बरं आहे ना?" त्याच्या आवाजात काहीही नसतं. काहीही नसतं हेच तिला तीन वर्षं पेलत नव्हतं.

आजही तो म्हणाला, "काय ताई, बरं आहे ना? आज लवकर?" आणि ती पहिल्यांदाच थांबली. "मामा किती वाजता निघाले असतील वर?" तिनं विचारलं. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पाचला निघाले तर आणखी तासाभरात शेवटच्या चढाखाली पोचतील. मामांची चाल मला माहीत आहे ना." ती जिन्याकडे वळली. मागून तो आपला पाय ओढत खिडकीपाशी आल्याचा आवाज तिला आला.

पडद्यासमोर बसल्यावर मात्र तिचं मन आश्चर्य वाटावं इतकं निवळलं. जे व्हायचं ते झालं होतं. आता फक्त आकडे होते. तिनं आठ दिवसांची रेघ सलग मांडली. वाऱ्याचा संशय होता तर वाऱ्याच्या नोंदी लावून पाहिल्या: वारा दोन दिवस पडलेला होता, सूर चढतच होता. तापमानानं एवढा फरक पडतच नाही. एका मायक्रोफोनचा दोष असेल तर चौघांनाही तोच सूर कसा ऐकू येईल? चौघंही एकच सांगत होते. खाणीचं वेळापत्रक तिनं आधीच उघडून ठेवलं होतं. खाण पंधरा दिवस बंद होती. मग तिनं सुरावरून खोली काढली. आठ दिवसांपूर्वी लाव्हा काठापासून एकशेवीस मीटर खाली होता. आज ऐंशी. तिनं गणित पुन्हा केलं, या वेळी कागदावर, शाळकरी मुलीसारखं एकेक पायरी लिहून. ऐंशी.

शेजारच्या टेबलावर उपग्रह बसत असे. उपग्रहांची छायाचित्रं तपासणारा हा तिचा बरोबरीचा सहकारी. तासन्‌तास कुणाशी न बोलता स्वतःच्या कक्षेत फिरत राहतो म्हणून त्याचं नावच ते पडलं होतं. "ऐक ना," ती म्हणाली, "विवराचं तुझ्याकडे काय आहे?"

"ढग आहेत," तो म्हणाला. "हवे तेवढे घेऊन जा."

"रडार? रडारला ढग आड येत नाहीत ना?"

"चार दिवसांपूर्वीचं एक आहे. आणि त्याआधीचं दहा दिवसांपूर्वीचं. पण त्यात तळ दिसत नाही, तो काठाच्या सावलीत आहे."

"मला तळ नकोय. सावली मोज."

त्यानं मान वर केली. खुर्चीची चाकं सरकवत तो पडद्याजवळ गेला आणि चित्रं उघडू लागला. तिनं घाई केली नाही. रडारच्या किरणांनी विवराच्या काठाची सावली आत पडते. तळ खोल असेल तर सावली लांब, तळ वर आला तर आखूड. त्यानं दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली, रेघा ओढल्या, पुसल्या, पुन्हा ओढल्या. "आखूड झालीय," तो शेवटी म्हणाला. मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखं, "आधी कुणी मोजायला सांगितलंच नाही." त्याच्या सावलीनं चार दिवसांपूर्वीची खोली दिली शंभर मीटर. तिच्या सुरानं त्या दिवसाची दिली होती एकशेदोन. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिला त्या क्षणी भीती वाटायला हवी होती, पण छातीत जे उमललं ते वेगळं होतं. लहानपणी वर्गात उत्तर येत असूनही ती हात वर करत नसे. घरी वडील विचारत, "नक्की? खात्री आहे?" आणि त्या दोन प्रश्नांपुढे पाठ केलेला पाढाही विरघळून जाई. वडील वाईट नव्हते, त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची सवय होती इतकंच. गॅस, कुलूप, मुलीची उत्तरं. आता इथे, या दोन टेबलांच्या मध्ये, ते विचारायला आले असते तरी उत्तर विरघळलं नसतं.

ती वायरलेसच्या खोलीत गेली. संचालकांना नंतर सांगता येईल.

"मामा, कुठवर पोचलात?"

खरखर. मग मामांचा धापांनी तुटलेला आवाज. "शेवटचा चढ राहिलाय ताई. पाऊण तास. धुकं असलं भारी आहे, चालकाचं नाक तेवढं दिसतंय. नशिबानं मोठं आहे."

"तिथून परत फिरा. बॅटऱ्या तिथेच टाका आणि खाली या."

"सुरुंग नाहीत ना ताई?" मामांनी विचारलं. टोमणा नव्हता, धुक्यात उभ्या असलेल्या माणसाला विचारावंच लागतं.

"नाहीत. खाण बंद आहे, मी बघितलंय. लाव्हा चाळीस मीटर वर आलाय मामा."

"खात्री आहे?"

"आहे," ती म्हणाली. तो शब्द उच्चारायला तिला काहीच कष्ट पडले नाहीत. "खात्री आहे. पण पळू नका. वेळ आहे. एकेक पाऊल बघून उतरा. ऐकताय ना? पळायचं नाही."

"बॅटऱ्या टाकणार नाही हां. चौदा किलो पाठीवर वाहून आणलंय."

"मामा, टाका म्हणते ना!"

"बरं बाई, टाकतो," मामा म्हणाले आणि मागे चालकाला काहीतरी सांगत असल्याचं ऐकू आलं.

दुपारी एकला दोघं पायथ्याला गाडीपाशी पोचले. संध्याकाळपर्यंत शहरात आले. डोंगराला काहीही झालं नव्हतं. संचालक रागावले नाहीत, तिनं मांडलेले कागद त्यांनी शांतपणे वाचले, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "भूकंपमापकांवर काहीच नाही. लाव्हा वर चढताना जमीन थोडी तरी हलायला हवी." ती म्हणाली, "विहीर उघडी आहे सर, लाव्हाला दगड फोडून यावं लागत नाहीये." त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी की नुसतीच, ते तिला कळलं नाही. विमानवाल्यांना सावधगिरीची सूचना मात्र त्यांनी तिच्यासमोरच पाठवली. घरी गेल्यावर तिनं पट्टी सोडून आईच्या डोळ्यात औषध घातलं. शेजारीण खरंच विसरली होती. आईची पापणी बोटांनी उघडी धरताना, त्या सुजलेल्या लाल डोळ्यात स्वतःचं एवढंसं प्रतिबिंब बघताना तिच्या मनात आलं, उद्याही काही झालं नाही तर? मग परवा होईल. आपण तारीख सांगितलेलीच नाही, लाव्हा वर आलाय एवढं सांगितलंय, आणि तो आलाय. ती गाढ झोपली. तीन वर्षांत डोंगराच्या काळजीनं तिला अशी झोप लागली नव्हती.

सकाळी पडद्यावरची रेघ सपाट होती.

ती उभ्या उभ्याच बघत राहिली. काल दिवसभर सूर आधीपेक्षा कितीतरी झपाट्यानं चढत गेला होता, आणि आज पहाटे चारच्या सुमाराला लाटा एकेक करून खुज्या होत विझल्या होत्या. मायक्रोफोन जिवंत होते. वारा त्यांना ऐकू येत होता. डोंगर तेवढा गप्प होता. संचालकांच्या खोलीत मामा आधीच बसलेले होते, आणि भांडारवाला नव्या बॅटऱ्यांची खोकी घेऊन दाराशी उभा होता.

"थांबलं सगळं," संचालक म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती. "लाव्हा परत खाली गेला असणार. वरच्या बॅटऱ्या आज रात्री संपतील, मग आपल्याला तिथलं काहीच ऐकू येणार नाही. मामा जायला तयार आहेत. तुमची सही हवी."

कागद तिच्यापुढे आला. परवानगीचा साधा छापील कागद, खाली दोन सह्यांची जागा. त्यांची झाली होती. तिनं तो हातात घेतला आणि तिला जाणवलं की सगळे तिच्या चेहऱ्याकडे पाहत आहेत, आणि ते तिला खुपत नाहीये.

"खाली गेला असता तर सूर उतरत उतरत गेला असता," ती म्हणाली. "तो चढत चढत विझलाय. विवर खाली अरुंद आहे आणि वर काठापाशी ताटासारखं पसरट. लाव्हा त्या पसरट भागात आला की घुमायला नळीच उरत नाही. तो गेलेला नाही सर. तो तोंडाशी आलाय."

"हा तुमचा तर्क झाला."

"हो. पण खाली गेला म्हणणं हाही तर्कच आहे, आणि त्याच्या बाजूनं एकही आकडा नाही. मी सही करणार नाही."

मामा अस्वस्थ झाले. "ताई, माझी यंत्रं आहेत ती. हातानं खड्डे खणून बसवलीत. ऐन वेळी बहिरी झाली तर काय उपयोग? मी जाऊन येतो ना. चढून-उतरून सहा तासांचं काम."

"नाही मामा."

"आणि उद्या काही झालं नाही तर?" संचालकांनी विचारलं. "मागच्या वेळी..." ते थांबले, कारण भांडारवाला दारात उभा होता.

त्यानं खोकी खाली ठेवली. "मागच्या वेळी माझा पाय गेला सर," तो म्हणाला. "ताई चुकल्या होत्या. पण काल त्यांनी मामांना पळू नका म्हणून सांगितलं, वायरलेसवाला सांगत होता मला. एकदा चुकल्या म्हणून काय आता बरोबर असतानाही गप्प बसायचं त्यांनी?" एवढं बोलल्यावर तो स्वतःच गोंधळला आणि खोकी उगाच सरळ करू लागला. तिला त्याच्याकडे पाहता येईना. तिनं कागद संचालकांच्या टेबलावर परत ठेवला, सहीची जागा कोरी. संचालकांनी तो बाजूला सरकवला. मग पेनाला टोपण लावलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "आज कुणी जाणार नाही."

त्यानंतर तीन तास तिनं नेहमीची कामं केली. पत्रांना उत्तरं दिली, एका विद्यार्थ्याचा निबंध तपासला. मधूनमधून तिची नजर सपाट रेघेकडे जाई, आणि त्या सपाटपणात तिला भरून आलेलं, ताणलेलं काहीतरी दिसत राही. बारा वाजून सात मिनिटांनी माथ्यावरच्या चारही मायक्रोफोनांची रेघ एकदम पडद्याबाहेर उसळली आणि तुटली. चारही एका सेकंदात. ती उठली नाही. सव्वीस सेकंदांनी, ती मोजतच होती, नऊ किलोमीटरवरच्या गावातल्या शाळेच्या गच्चीवरच्या मायक्रोफोननं तोच धक्का ऐकला. मग त्याच्यापलीकडच्यानं. वेगवेगळ्या ठिकाणांहून, बरोबर ज्या क्रमानं यायला हवा तसा, एकाच दिशेनं. तिनं फोन उचलला. "स्फोट झालाय. मोठा. माथ्यावरूनच. विमानांना वळवा." पलीकडच्या माणसानं विचारलं, ढगांमुळे आम्हाला काही दिसत नाही, तुम्हाला दिसतंय का? "दिसत नाहीये," ती म्हणाली, "पण झालाय." त्या वाटेवर दोन विमानं होती. दोन्ही वळवली गेली.

दहा मिनिटांनी उपग्रहाचं पुढचं चित्र आलं. पांढऱ्या ढगांच्या चादरीतून राखेचा करडा गोळा वर आला होता, अकरा किलोमीटर उंच, वाऱ्याबरोबर पूर्वेला झुकलेला. "बघ, बघ, बघ," उपग्रह ओरडत होता. एवढं बोलताना त्याला कुणी कधी ऐकलं नव्हतं. पण त्याआधीच, स्फोटानंतर पाच मिनिटं आणि काही सेकंदांनी, कचेरीच्या सगळ्या खिडक्या एकदा खडखडल्या होत्या. कुणाला आवाज आला नव्हता. फक्त काचा हलल्या, टेबलावरचे कागद किंचित सरकल्यासारखे वाटले, आणि तिच्या बरगड्यांना आतून कुणी तळहात टेकवावा तसा दाब येऊन गेला. अठरा वर्षं ती ज्याच्या रेघा बघत होती, त्यानं पहिल्यांदा तिच्या अंगाला स्पर्श केला होता. तिनं डोळे मिटून तो पुरा जाऊ दिला.

चारच्या सुमाराला धावपळ जरा ओसरली तेव्हा तिनं घटनेचा अहवाल भरायला घेतला. मामा तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांच्या हातातला चहा कधीच गार झाला होता. पडद्यावर अहवालाचे रकाने होते. 'माथ्यावरील स्थानक': नष्ट. 'उपकरणे': चार मायक्रोफोन, एक खांब, एक पेटी. ती एकेक लिहीत होती, आणि प्रत्येक नावाला मामा मागून हुंकार देत होते, घरातल्या माणसांची नावं वाचली जावीत तसे. पुढचा रकाना होता: 'घटनेच्या वेळी स्थानकावर उपस्थित कर्मचारी.' तिथे आकडा टाकला तरी चाललं असतं. तिनं तो शब्दात लिहिला, नीट, एकेक अक्षर: शून्य. मामांनी वाकून वाचलं. मग त्यांनी गार चहा एका घोटात संपवला आणि नवे खड्डे कुठे खणायचे ते बघायला नकाशा मागितला.